‘सुळा’च्या नोंदी : एक डेंटिस्ट, एक व्हॅम्पायर आणि २२ मिनिटं

२ जून

आजपासून नोंदी ठेवतेय. रोज नाही जमणार पण ज्या दिवशी काम होईल त्या दिवशी लिहायचंच. शॉर्टफिल्म आहे, अंदाजे २२ मिनिटांची, व्हॅम्पायरची लव्हस्टोरी, आणि हलकीफुलकी, म्हणजे बघणाऱ्यांनी घाबरायचं नाहीये, हसायचंय आणि शेवटाकडे येता येता ‘अरे जमू दे रे यांचं’ असं मनापासून वाटायला पाहिजे. कल्पना एका ओळीची आहे: व्हॅम्पायरचा सुळा तुटतो म्हणून तो डेंटिस्टकडे जातो, शेवटची अपॉइंटमेंट घेऊन, सूर्य मावळल्यावरची.

पात्रांना नावं नाहीत. तो आणि ती. आणि त्याला म्हणायचं व्हॅम्पायरच. ‘रक्तपिपासू’ लिहून बघितलं तर बातमीतला खुनी डोळ्यासमोर येतो, अशा माणसाच्या प्रेमात कोण पडणार. आमचा कॅमेरावाला म्हणाला मग वेताळच कर ना, आपलाच आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला व्हॅम्पायरच म्हटलं होतं, पण वेताळ झाडाला लटकतो, कोडी घालतो, राजाच्या खांद्यावर बसतो, रक्त पीत नाही. त्याची गंमत वेगळी आहे, आणि मला सुळा पाहिजे. सुळ्याशिवाय डेंटिस्ट नाही.

६ जून

नियम ठरवायला बसले. व्हॅम्पायरच्या कॉमेडीत नियम ढिले असले की हसू येत नाही हे पक्कं आहे, कारण हसू अडचणीतून येतं आणि अडचण नियमातून. त्याला सगळंच जमत असेल तर तो नुसता देखणा माणूस राहतो.

वाचताना एक गोष्ट खूप आवडली. उन्हात व्हॅम्पायर मरतो हे आपल्याला अनादी काळापासूनचं वाटतं ना, तसं नाहीये. स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या ‘नोस्फेरातू’त, म्हणजे ही सिनेमाची देणगी आहे, पुस्तकाची नाही. तो सिनेमा परवानगी न घेता केला होता, स्टोकरच्या बायकोने केस केली, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही प्रती वाचल्या आणि त्यांच्यासोबत हा नियम पण वाचला.

आणि देखणा, खानदानी, बायकांना भुरळ घालणारा व्हॅम्पायर हाही लोककथेतला नाही. गावोगावच्या गोष्टींमधला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेलं लालसर प्रेत. उमराव झाला तो जॉन पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या १८१९ च्या कथेत, आणि ती कथा निघाली १८१६ च्या त्याच उन्हाळ्यातून ज्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी मेरी शेलीला फ्रँकनस्टाइन सुचला. म्हणजे आज आपण ज्याच्यावर रोमकॉम करतोय तो माणूस जेमतेम २०० वर्षांचा आहे. माझा ‘तो’ ३०० वर्षांचा ठेवला होता, आता २०० करते. बरोबर वाटतं.

घेतलेले नियम चार: ऊन चालत नाही, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, आणि समोर काही सांडलं की मोजल्याशिवाय उठता येत नाही. शेवटचा फार कमी लोकांना माहिती असतो पण पूर्व युरोपातल्या लोककथांमध्ये आहे, थडग्याजवळ खसखस किंवा बारीक दाणे टाकून ठेवायचे, तो रात्रभर मोजत बसतो. लसूण, क्रॉस, लाकडी खुंटी हे सगळं काढून टाकलं. वटवाघूळ पण नाही, ते जमायला पैसे पण नाहीत आणि गोष्टीला त्याची गरज पण नाही.

११ जून

माझी मावसबहीण डेंटिस्ट आहे, आज तिच्याकडे तीन तास बसले आणि फिल्म दुप्पट झाली. मी ताईला म्हटलं एक पेशंट आहे, सुळा तुटलाय, आरशात दिसत नाही, तू काय करशील. तिने अगदी गंभीरपणे विचारलं, वरचा का खालचा?

तिने सांगितलेलं लिहून ठेवते, सगळं कामाचं आहे. वरचा सुळा तोंडातला सगळ्यात लांब दात, मूळ सगळ्यात लांब त्याचंच. दातांना दोन आकडी नंबर असतात आणि वरच्या उजव्या सुळ्याचा नंबर १३. मी ऐकून खुर्चीतून उठलेच. तेरा! ती रोज दहा वेळा तेरा म्हणते आणि तिला कधी जाणवलं नव्हतं. वरच्या दातांच्या मागची बाजू नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी तो छोटा गोल आरसा लागतो, माउथ मिरर. म्हणजे डेंटिस्ट दिवसभर आरशात बघूनच काम करते. आणि हा पेशंट आरशात नाही. पहिला सीन आयताच हातात आला.

चांदीचं फिलिंग म्हणजे पारा आणि त्यात चांदी, कथील, तांबं यांची पूड. तिने ते काढलं तर तो खुर्चीतून उडी मारेल असं मी लिहिलं होतं, पण चांदीची भीती मुळात लांडगा होणाऱ्या माणसाची, व्हॅम्पायरला ती नंतर चिकटली, आणि माझ्या चार नियमांत ती नाही, म्हणून काढलं. त्याच्याऐवजी ताईने दुसरं दिलं, ते कितीतरी छान आहे. दातांच्या रंगाचं फिलिंग निळ्या लाइटने कडक करतात. अंधाऱ्या क्लिनिकमध्ये ती त्याच्या तोंडाजवळ लाइट आणते, तो डोळे गच्च मिटून घेतो, खुर्चीचे हात घट्ट पकडतो, आणि ती आधी तो लाइट स्वतःच्या तळहातावर धरून दाखवते, ‘हे ऊन नाहीये, बघा.’ बस. प्रेम इथे सुरू होतं. मला याहून मोठा सीन नको.

१२ जून

काल रात्री झोप नाही. तिला कधी कळतं हा प्रश्न होता. आधीच्या ड्राफ्टमध्ये तिला अर्ध्या फिल्मनंतर कळत होतं की हा व्हॅम्पायर आहे, तोपर्यंत गैरसमज, लपवाछपवी, तिला वाटतं याचं लग्न झालेलं असणार कारण पहाटेच्या आधी निघून जातो वगैरे. पण आरशाचा सीन पहिल्यांदा ठेवला की तिला तिसऱ्या मिनिटाला कळणार. मग कळू दे! ती घाबरत नाही, तिला त्या दातात इंटरेस्ट आहे. २०० वर्षं वापरलेलं इनॅमल तिने कधी बघितलेलं नाही. लपवाछपवी गेली की त्यांच्यात खरं काय आडवं येतं ते शोधावं लागेल, आणि ते शोधायला मी तयार आहे.

१९ जून

सापडलं. आणि ते मराठीतच सापडू शकत होतं.

त्याला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही. ठीक. पण बोलावणं म्हणजे नक्की काय? ती क्लिनिकमध्ये दिवसातून चाळीस वेळा ‘या, या, आत या’ म्हणते. फिलिंग झाल्यावर म्हणते ‘आठ दिवसांनी या.’ क्लिनिक खाली, घर वर. आठव्या दिवशी तो तिच्या घराच्या दारात उभा. ‘तुम्ही इथे?’ ‘आपणच या म्हणालात.’ त्याच्यासाठी तो शब्द फार मोठा आहे, कितीतरी वर्षांत त्याला कोणी या म्हटलेलं नाही, आणि आपण तर ‘या एकदा घरी’ म्हणतो आणि विसरून जातो, तारीख नाही वेळ नाही. तो न विसरणारा माणूस आहे.

आणि मग पुढचं लक्षात आलं: तिने फिल्मभर त्याला अहोजाहो करायचं. तो तर ‘आपण’च म्हणणार, त्याचं मराठी २०० वर्षांपूर्वीचं, ‘आपली अनुज्ञा असावी’ वगैरे. आणि शेवटच्या सीनमध्ये ती ‘या’ नाही म्हणणार, ‘ये’ म्हणणार. एका अक्षराचा फरक. सगळी २२ मिनिटं त्या एका मात्रेकडे जाणार. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: या → ये.

भांडण पण यातूनच आलं. तो प्रेमाने, अगदी साधेपणाने तिला सांगतो की मी ठरवलंय, तुम्हाला माझ्यासारखं करतो, मग तुम्ही म्हाताऱ्या होणार नाही. ती थांबते आणि म्हणते, ‘माझ्या उंबऱ्याच्या आत यायला तुम्हाला मला विचारावं लागतं. आणि माझं अख्खं आयुष्य तुम्ही न विचारता ठरवलंत?’ हे वाक्य लिहिलं आणि मला स्वतःलाच रडू आलं. हलक्या फिल्ममध्ये एक जागा अशी लागते जिथे सगळे गप्प होतील, नाहीतर आधीचं हसू हवेत राहतं.

२७ जून

क्लायमॅक्स. ती चिडून दार लावून घेते आणि तो मागे येऊ नये म्हणून दारासमोर काहीतरी सांडते, त्याला मोजत बसावं लागतं, पहाट होत आलेली. मोहरीने टेस्ट घेतली, दोन मीटरवरून मोबाइलवर शूट केलं तर फरशी झाडायची राहिलीय असं दिसतं. मणी घेतले तर ते तिच्याकडे कशाला असतील? ताईला फोन केला. ती म्हणाली अगं दात सांड ना. कवळीचे दात! ॲक्रिलिकचे, पांढरेशुभ्र, अंधारात चमकणारे, क्लिनिकच्या खणात सेटच्या सेट पडलेले असतात.

मग मी विचारलं एका पूर्ण कवळीत ३२ असतात ना, तर म्हणाली छे, २८. अक्कलदाढा कवळीत घालत नाहीत.

फोन तसाच धरून मी दोन मिनिटं गप्प होते. तो दात मोजतो, सेट लावतो, वरचे खालचे, आणि प्रत्येक सेटमध्ये त्याला चार कमी पडतात. २०० वर्षांपासून त्याला माहितीये माणसाला ३२ दात. तो ते हरवलेले चार शोधत राहतो, जिन्याखाली, पायपुसण्याखाली, आकाश उजळायला लागलंय आणि त्याला उठता येत नाहीये. ती खिडकीतून बघते. खाली येते. त्याच्या शेजारी बसते, मोजायला लागते, आणि सांगते, ‘अहो, कवळीत अक्कलदाढा नसतात.’ मोजणी संपली. तो मोकळा झाला. आता फक्त दार. ती आत जाते, वळते, आणि म्हणते ‘ये.’

चारातले तीन नियम एकाच सीनमध्ये आणि सोडवलं तिने, तिच्या कामाच्या ज्ञानाने. मी आज खूप खूश आहे, लिहून ठेवते.

५ जुलै

सुळे तयार. ताईनेच ॲक्टरच्या दातांचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा केला आणि त्यावर दोन टोप्या बनवल्या, दातावर बसतात आणि निघतात. किती लांब करायचे यावर बरीच चर्चा. १९३१ च्या ड्रॅक्युलात बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत, फक्त डोळे आणि आवाज. १९२२ च्या ‘नोस्फेरातू’त उंदरासारखे पुढचे दोन दात होते. आज प्रत्येकाच्या डोक्यात असलेले टोकदार सुळे रंगीत पडद्यावर नीट दिसले ते १९५८ मध्ये, ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर लीला. आमचे छोटे ठेवलेत, बंद तोंडात मावतील एवढे, कारण तो डेंटिस्टसमोर संकोचाने ओठ मिटून बोलतो आणि ‘आ करा’ म्हटल्यावरच ते दिसायला पाहिजेत.

पण बोलताना गडबड झाली. टोप्या घातल्या की बाजूने हवा सुटते, आणि नेमका मार बसतो दंत्य च आणि ज वर. ‘चंद्र’ नीट येतो, ‘चांदणं’ येत नाही. ‘जीव’ येतो, ‘जवळ’ येत नाही. ‘माझं’ तर पूर्ण शिट्टी. प्रेमाच्या संवादात जवळ, माझं, चांदणं हे नाहीत तर काय उरतं सांगा! दोन दिवस संवाद पुन्हा लिहिले, जवळच्या जागी ‘समीप’, माझंच्या जागी ‘मम’ असं काही नाही पण वाक्यं फिरवली, आणि आपोआप त्याची भाषा अजून जुनी आणि जड झाली, जी त्याला शोभते. एक ‘माझं’ मात्र मुद्दाम ठेवलं. भांडणानंतर तो दाराबाहेरून म्हणतो ‘माझं चुकलं,’ आणि दोन्ही शब्दांत शिट्टी वाजते. रिहर्सलला सगळे आधी हसले आणि मग एकदम कोणी हसेना. तेच पाहिजे होतं.

८ जुलै

माउथ मिररचा शॉट. आरशात न दिसण्याची जुनी युक्ती म्हणजे आरशाच्या जागी नुसती चौकट, पलीकडे तशीच दुसरी खोली आणि पाठमोरी डुप्लिकेट, आणि दोघांनी एकाच वेळी हलायचं. मोठ्या सेटवर भारी दिसतं. आम्हाला गरजच पडली नाही. आरसा दोन सेंटिमीटरचा. ॲक्टरला खुर्चीतून उठवलं, तोच लाइट, तोच अँगल, आणि आरशात दिसते रिकामी खुर्ची, हेडरेस्टवरचं प्लॅस्टिक कव्हर. इनसर्ट शॉट आहे, कटमध्ये जोडायचा. व्हीएफएक्स शून्य. तिचा चेहरा, आरसा, पुन्हा तिचा चेहरा, ती आरसा पुसते, पुन्हा रिकामी खुर्ची.

रक्ताची टेस्ट पण केली. फिल्ममध्ये रक्ताचा एकच थेंब आहे, तिच्या ग्लोव्हवर. सिरपमध्ये लाल रंग घातला तर एलईडीखाली गुलाबी दिसला, सरबत वाटलं. एक थेंब निळा आणि चिमूटभर कोको घातल्यावर बरोबर आलं. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात हे टेन्शन नव्हतं, चॉकलेट सिरप ओतलं तरी पडद्यावर रक्तच.

१८ ते २१ जुलै

चार रात्री क्लिनिक. रात्री ९ ते पहाटे ५. एकत्रच लिहितेय कारण मध्ये ताकद नव्हती.

दिवसा शूट करून रात्र दाखवायची असं एकदा ठरत होतं, एक्स्पोजर खाली, निळसर रंग, आकाश फ्रेममध्ये घ्यायचं नाही. बरं झालं नाही केलं. रात्री क्लिनिकमध्ये जी शांतता असते ती साउंडला मिळाली, खुर्ची वर जाताना होणारी मोटरची घरघर, ट्रेवर प्रोब, म्हणजे दात तपासायची ती टोकदार सळई, ठेवल्याचा टिंग. तो टिंग मी फिल्मभर वापरणार आहे.

पहिल्या रात्री उशीर झाला, १३ पैकी ७ शॉट झाले. दुसऱ्या रात्री निळ्या लाइटचा सीन. खोलीतले सगळे लाइट बंद, फक्त तिच्या हातातला आणि खिडकीबाहेर एक मंद. ताई सेटवर होती, तिने आधीच बजावलं की त्या लाइटकडे सारखं थेट बघायचं नाही, म्हणून केशरी शील्ड लावली, आणि शील्डमधून तिचे डोळे केशरी आणि त्याचा गाल निळा असं काहीतरी आलं जे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. कॅमेरावाल्याने कट म्हटल्यावरही कोणी हललं नाही. सहा टेक घेतले, पहिलाच वापरणार.

तिसऱ्या रात्री ॲक्टरच्या उजव्या सुळ्याची टोपी खरंच तुटली. सीन सुळा तुटलेलाच होता म्हणून निभावलं, ताईने तिथेच बसून चिकटवली. चौथी रात्र घराच्या दाराची, ‘आपणच या म्हणालात.’ इथे नायिकेने स्वतःहून एक केलं: तो विचारतो ‘येऊ?’ आणि ती पूर्ण तीन सेकंद त्याच्याकडे बघते आणि मग ‘या’ म्हणते. स्क्रिप्टमध्ये ते तीन सेकंद नव्हते. ती म्हणाली क्लिनिकमधला या सवयीचा होता, हा विचार करून म्हटलेला आहे, फरक पडायला पाहिजे. तिचं बरोबर आहे. म्हणजे आता पायऱ्या तीन झाल्या, सवयीचा या, विचारपूर्वक या, आणि ये.

२५ ते २७ जुलै

पहाट संध्याकाळी शूट केली. हे ठरवायला कॅमेरावाल्याने आठवडा घेतला. खऱ्या पहाटे अंधारात सेटअप लावायचा, उजेड झपाट्याने वाढतो, काही चुकलं की सूर्य वर आणि दिवस गेला. संध्याकाळी उजेडात निवांत सेटअप, रिहर्सल, आणि सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं तो निळा प्रकाश. पडद्यावर पूर्व का पश्चिम कोणाला कळत नाही.

पण उलटं होतं ना. पहाटे उजेड वाढतो, संध्याकाळी कमी होतो. म्हणून सीन शेवटापासून सुरुवातीकडे शूट करावा लागला. सगळ्यात उजळ प्रकाशात पहिला शॉट घेतला तो ‘ये’चा. म्हणजे दोघं अजून भांडलेले नाहीत, दात सांडलेले नाहीत, आणि तिने त्याला अरेतुरे करून आत बोलवायचं. पहिल्या संध्याकाळी जमलंच नाही, शब्द बरोबर होता पण त्याच्यामागे रात्र नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना बसवून पूर्ण भांडण तीन वेळा खेळायला लावलं, कॅमेरा न लावता, खरंखुरं, आणि मग दमलेल्या अवस्थेत तिने ‘ये’ म्हटलं. एकच टेक. हळू, जवळजवळ नाराजीने, जसं घरच्या माणसाला म्हणतो.

दातांची कंटिन्युइटी हा वेगळाच त्रास. उलट्या क्रमाने शूट करताना लावलेले सेट हळूहळू विस्कटत न्यायचे होते. दोन जणांनी फक्त फोटो काढून दातांच्या जागा लिहिल्या. पाच सेट, १४० दात. शेवटी मोजले तर १३९. अजून सापडलेला नाही.

१४ ऑगस्ट

एडिट. पहिला कट ३१ मिनिटं. त्यांच्या रात्री, म्हणजे दोघं एकत्र फिरतात, ती त्याला ब्रश कसा धरायचा ते शिकवते, तो तिला तारे मोजून दाखवतो आणि थांबता येत नाही वगैरे, सात मिनिटांचा भाग होता, गोड होता आणि लांबत होता. अडीच मिनिटांवर आणला. तारे ठेवले कारण मोजण्याचा नियम तिथेच पहिल्यांदा कळतो, आणि तो आधी प्रेमाने कळला तर नंतर अडचण म्हणून चालतो.

आरशाच्या सीनला हसू येत नव्हतं, मला कळेना का. एडिटर म्हणाला रिकाम्या आरशावर आपण फार थांबतोय, लोकांना कळलंय. तिथून बारा फ्रेम काढल्या, म्हणजे २४ च्या हिशोबाने अर्धा सेकंद, आणि ते अर्धं सेकंद तिच्या चेहऱ्यावर टाकलं. बसलं. आरसा नुसती माहिती देतो, हसू तिच्या तोंडाकडे बघून येतं.

३१ ऑगस्ट

नऊ जणांना दाखवली. २३ मिनिटांचा कट. मी मागे बसून वहीत खुणा करत होते.

‘तेरा नंबर’ला कोणीच हसलं नाही, एक डेंटिस्ट सोडून. राहू दे, मला आवडतो. ‘आपणच या म्हणालात’ला सगळे हसले. भांडणाच्या वाक्याला शांतता, खुर्चीचा आवाज नाही. अक्कलदाढांना सगळ्यात मोठं हसू, आणि त्या हसूमुळे पुढचा ‘ये’ ऐकूच आला नाही! अख्ख्या फिल्मचा शब्द आणि तो बुडाला. दोन मुली एकमेकींना ‘काय म्हणाली?’ विचारत होत्या.

रात्री एडिटरशी बोलले. अक्कलदाढांनंतर ती उठते, हात झटकते, दारापर्यंत चालत जाते, हे सगळं आम्ही कापलं होतं गती राहावी म्हणून. ते परत घालतोय, अकरा सेकंद, संगीत नाही, फक्त पावलं आणि त्याच्या खिशात दात वाजल्याचा आवाज. हसू ओसरायला तेवढा वेळ लागतो.

१२ सप्टेंबर

सबटायटल. हे इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. इंग्रजीत या पण ‘कम इन’ आणि ये पण ‘कम इन’. संपलं. हिंदीत आइए आणि आ आहे, फ्रेंचमध्ये पण तू आणि तुम्ही वेगळं आहे, इंग्रजीत काहीच नाही. पहिल्या दोन ठिकाणी ‘प्लीज कम इन, सर’ असं मुद्दाम औपचारिक केलं, आणि त्याच्यासाठी ती फिल्मभर ‘सर’ असं ठेवलं म्हणजे परक्या प्रेक्षकाला अहोजाहोचं अंतर जाणवेल. शेवटच्या ‘ये’ला चार पर्याय लिहिले, सगळे खोटे वाटले, एकात तर ‘डार्लिंग’ घातलं होतं, लगेच खोडलं.

शेवटी असं ठरवलं की ‘ये’ला सबटायटल द्यायचंच नाही. दार उघडं आहे, ती वळलेली आहे, एक छोटा शब्द ऐकू येतो, आणि तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो. मराठी न येणाऱ्या एका मैत्रिणीला तसं दाखवलं. ती म्हणाली, ‘तिने त्याला आत्ता पहिल्यांदा तू म्हटलं ना?’ मी काहीच सांगितलं नव्हतं.

२० सप्टेंबर

फायनल मिक्स. शेवटच्या संवादाची लेव्हल थोडी वर घेतली, काळ्या स्क्रीनवर आहे तो, चित्र नाही. ती म्हणते ‘मी म्हातारी होणार आहे हां, ते ठरलंय.’ तो म्हणतो ‘बरं.’ ‘मला कवळी लागेल.’ ‘बरं.’ ‘तेव्हा तू मोजायची.’ ‘अठ्ठावीस,’ तो म्हणतो, आणि ट्रेवर प्रोब ठेवल्याचा टिंग.

एकूण २२ मिनिटं १० सेकंद. एक्सपोर्ट झालं, दोन ड्राइव्हवर कॉपी केली, एक एडिटरकडे, एक माझ्याकडे. ॲक्टरच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा ताईने क्लिनिकमध्ये ठेवून घेतलाय, त्यावर तिने पेनाने १३ लिहिलंय.